हिवाळ्यात चिकटवलेलं हेड उन्हाळ्यात सैल का होतं? घरी गोल्फ क्लब जोडणाऱ्यांसाठी

एप्रिल उजाडला की हीच तक्रार परत येते. डिसेंबर-जानेवारीत घरी जोडलेला क्लब दोन-तीन महिने उत्तम चालतो. मग एखाद्या फटक्यानंतर हाताला बारीकशी 'टिक्' जाणवते. हेडच्या मानेवरची काळी फेरूल, म्हणजे प्लॅस्टिकची कडी, केसभर वर सरकलेली दिसते. हेड पिळून पाहिलं तर हलत नाही, म्हणून सराव चालू राहतो. हळूहळू ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, फटका उजवीकडे जायला लागतो, आपण शाफ्टला, म्हणजे दांड्याला, दोष देतो, बॉल बदलून पाहतो, आणि मेच्या उन्हात एक दिवस हेड शाफ्ट सोडून थेट नेटमध्ये जातं. परत चिकटवायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तेच.

नाशिकला गोल्फ क्लब म्हटलं की लोकांना हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आठवतं, जिथे क्रिकेट होतं आणि सकाळी लोक फेऱ्या मारतात. क्लबचं हेड बसवून घ्यायचं तर पुण्या-मुंबईला पाठवा आणि वाट पाहा. त्यापेक्षा घरी जोडणं बरं, आणि ते नीट जमतं सुद्धा. फक्त बाहेरच्या देशातल्या कृती जशाच्या तशा उचलल्या की आपल्या हवेत त्या अर्ध्यावर सोडून देतात. तिथल्या कृतीत 'चोवीस तास ठेवा' लिहिलेलं असतं. ते चोवीस तास पंचविसेक अंशांच्या खोलीतले असतात, हे कोणी लिहीत नाही.

हेड आणि शाफ्ट जोडणारा गोंद म्हणजे इपॉक्सी, आणि ते वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि ही क्रिया तापमानावर चालते. साधारण हिशेब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की लागणारा वेळ दुप्पट होतो. नाशिकला जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून खाली; तिथले द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करतात ते उगीच नाही. अशा थंडीत गॅलरीत ठेवलेल्या क्लबला चोवीस तास अजिबात पुरत नाहीत.

आणि प्रश्न फक्त वेळेचा नाही. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं इपॉक्सी ज्या उष्णतेत घट्ट झालं, तिच्या थोडंच वरपर्यंत ते कडक राहतं. त्यापलीकडे ते मऊ, रबरी होतं. बारा-पंधरा अंशांत घट्ट झालेला जोड हाताला दगडासारखा लागेल, पण त्याने कधी उष्णता पाहिलेलीच नसते. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश असतात, गाडी उन्हात उभी असते, आणि बंद गाडीत पन्नासच्या वर सहज जातं. बॅग डिक्कीत पडून असते. दुपारी जोड मऊ होतो, रात्री परत कडक होतो. मऊ असताना शाफ्ट जरा जरी कलला तर तिथला थर ताणला जातो. हे रोज होतं. हेड मेमध्ये निघतं, पण त्याचं कारण जानेवारीत घडलेलं असतं. माझ्या मते नाशिकमधल्या बहुतेक सैल हेडांचं मूळ इथे आहे, आणि इपॉक्सी कुठल्या कंपनीचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा.

या जोडावर ताण किती येतो तेही बघून घ्या. ड्रायव्हरचं हेड साधारण २०० ग्रॅमचं. सेकंदाला ४० मीटर वेगाने, म्हणजे ताशी सुमारे १४५ किलोमीटरने ते फिरत असताना वीस किलोहून जास्त वजन टांगल्यासारखा ओढा त्या एक-सव्वा इंचाच्या जोडावर पडतो. त्यातच बॉल लागतो; बॉल आणि फेस (हेडची बॉलला लागणारी बाजू) यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. फटका टोकाकडे लागला तर तेवढ्या वेळात हेडला जोराचा पीळ बसतो. चांगल्या जोडाला हे सगळं किरकोळ आहे. अर्धवट घट्ट झालेल्याला नाही.

आधी 'टिक्' कुठून येते ते शोधा

प्रत्येक आवाज इपॉक्सीचा नसतो. फिरवून लॉफ्ट (फेसचा तिरपेपणा) बदलता येणारा ड्रायव्हर असेल तर आधी तळाचा स्क्रू तपासा. सोबत मिळणारा रेंच बहुतेक वेळा ४० इंच-पाउंडला, म्हणजे साधारण साडेचार न्यूटन-मीटरला 'कट' आवाज करून सुटतो. तो आवाज येईपर्यंत आवळा, त्याहून जास्त नाही, आणि घरातल्या साध्या ॲलन कीने तर नाहीच. हेडमधले वजनाचे स्क्रूही तसेच पाहा. मग क्लब कानाजवळ धरून उलटासुलटा करा. खडखड असा सुटा आवाज आला तर शाफ्टमध्ये किंवा हेडच्या पोकळीत इपॉक्सीचा कण, नाहीतर शाफ्टच्या टोकात घातलेलं वजन, म्हणजे टिप वेट, सुटून फिरत असतं. ते त्रासदायक आहे, धोकादायक नाही.

फेरूल वर सरकणं म्हणजे जोड सुटलाच असंही नाही. फेरूल घट्ट असेल आणि ठोकून बसवली असेल तर ती आपल्याच ताणाने मागे येते. शंका फेडायचा एक सोपा उपाय आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आवळलेल्या नट-बोल्टवर पिवळ्या पेंटची एक रेघ मारतात. नट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. तीच रेघ आपण मारायची. पेंट मार्करने हॉझेलपासून (हेडची पोकळ मान, जिच्यात शाफ्ट बसतो) फेरूलवरून शाफ्टपर्यंत एक सरळ बारीक रेघ ओढा. फक्त फेरूलवरचा तुकडा सरकला तर काळजी नाही. पण हॉझेलवरची रेघ आणि शाफ्टवरची रेघ एका सरळीत राहिली नाही, तर हेड फिरलेलं आहे. हाताने पिळून ते कळणार नाही, कारण थंड जोड हाताच्या जोराला दाद देत नाही.

ही रेघ मी प्रत्येक क्लबवर नवा जोडतानाच मारायला सांगतो. हेड, शाफ्ट, बॉल बदलून तुलना करणाऱ्यांना तर ती हवीच. फेस एक अंश उघडला, म्हणजे उजवीकडे वळला, की १८० मीटरवर बॉलची सुरुवातीची दिशाच तीन मीटरने बाजूला जाते, पुढे वळतो ते वेगळं. आता विचार करा, आपण मऊ आणि कडक शाफ्टची तुलना करतोय आणि त्यातल्या एका क्लबचं हेड दोन अंश फिरलेलं आहे. त्याचा पत्ता लागत नाही, कारण उभं राहताना डोळा फेस सरळ करून घेतो आणि ग्रिप हातात फिरते. आतून कणा असलेली ग्रिप असेल तर हाताला खटकतं, गोल ग्रिपला तेही नाही. वहीत नोंद होते, 'कडक शाफ्ट उजवीकडे जातो'. ती नोंद शाफ्टची नसून गोंदाची असते.

हेड काढल्यावर दोन्ही बाजू वाचा

निदान इथे होतं, आणि बरेच जण नेमकं इथेच घाई करतात. हेड निघालं की जुनं इपॉक्सी खरवडून, घासून, लगेच नवीन लावलं जातं. थांबा. आधी उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. इपॉक्सी कुठे राहिलं आहे आणि कुठून सुटलं आहे, यावरून दोष कळतो.

शाफ्टचं टोक स्वच्छ, चकचकीत आणि सगळं इपॉक्सी हॉझेलच्या आत नळीसारखं राहिलेलं असेल, तर शाफ्टची तयारी कच्ची होती. स्टीलच्या शाफ्टवर क्रोमचा थर असतो आणि क्रोमला इपॉक्सी नीट धरत नाही. ८० ते १२० नंबरच्या एमरी पेपरने, गरज पडली तर कानशीने, टोक चमक पूर्ण जाऊन राखाडी दिसेपर्यंत घासायचं. ग्राफाइटच्या शाफ्टवर रंग आणि वार्निश असतं. तो थर उतरवायचा, पण काळे तंतू कापायचे नाहीत. रंग संपून एकसारखा मंद काळा पृष्ठभाग आला की हात थांबवा. ओलं करून घासा आणि मास्क लावा. कार्बनची धूळ छातीत आणि कातडीत जायला नको.

उलट, इपॉक्सी शाफ्टला घट्ट आणि हॉझेल आतून स्वच्छ असेल, तर हॉझेलमध्ये तेल किंवा जुना थर राहिला होता. ड्रिलला लावायचा तारेचा गोल ब्रश आत फिरवा आणि मग ॲसिटोनने पुसा. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये रॉकेल किंवा पेट्रोलने धुवायची सवय असते. यंत्राच्या भागांना ते ठीक, इथे नाही, मागे तेलकट पापुद्रा राहतो. नेलपॉलिश काढायचं द्रावणही नको, त्यात हात मऊ राहावेत म्हणून तेलं घातलेली असतात. पुसल्यावर बोट लावू नका.

तिसरी तऱ्हा: दोन्हीकडे इपॉक्सी आहे, म्हणजे थर मधूनच फाटलाय. आता नखाने दाबून पाहा. नख रुतत असेल, थर रबरासारखा लागत असेल, तर तो कधी पूर्ण घट्ट झालाच नाही. कारण थंडी, किंवा चुकलेलं प्रमाण. कडक आणि ठिसूळ असेल, काचेसारखे तुकडे निघत असतील, तर बहुधा पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी वापरलं गेलं. ते फुलदाणीला चांगलं, क्लबला नाही. सारखा बसणारा धक्का आणि उष्णता दोन्ही त्याला सोसत नाही. आणि थरात बुडबुड्यांचे खळगे, किंवा एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच असं दिसलं, तर शाफ्ट हॉझेलमध्ये मध्यभागी बसला नव्हता.

प्रमाणाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण जो जितका काटेकोर तितका तो इथे फसतो. स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड लागतं ते, मोजण्यासाठी आपण सराफ बाजारात सोनारांकडे असतो तसला छोटा काटा आणलेला असतो. मग इपॉक्सीही त्यावर मोजायचा मोह होतो. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या अ‍ॅराल्डाइट स्टँडर्डचं प्रमाण आकारमानाने समसमान आहे, पण वजनाने १०० ला ८०, कारण दोन्हींची घनता वेगळी. काट्यावर समसमान वजन घेतलं तर हार्डनर पाव हिस्सा जास्त पडतो आणि जोड कायमचा मऊ राहतो. काटा वापरा, जरूर वापरा, पण पाकिटावरचं वजनाचं प्रमाण शोधून. आकारमानाने मिसळायचं तर दोन वेगळ्या सिरिंजा घ्या. ढवळायला वेळ द्या, भांड्याच्या कडा खरवडून मध्ये घ्या, आणि उरलेला थेंब पुठ्ठ्यावर तारीख लिहून ठेवून द्या. क्लबच्या आत काय चाललंय ते हा थेंब सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतलं तर क्लबला हात लावू नका.

मापांचं थोडक्यात. ड्रायव्हरच्या शाफ्टचं टोक बहुतेक ०.३३५ इंच म्हणजे ८.५१ मिलिमीटर असतं, जुन्या हेडांत ०.३५० म्हणजे ८.८९. आयर्नमध्ये (कमी अंतराच्या क्लबमध्ये) समांतर टोक ०.३७० म्हणजे ९.४०, आणि निमुळतं ०.३५५ म्हणजे ९.०२. डोळ्याने हे फरक दिसत नाहीत, व्हर्नियरने दिसतात. जोडात चहूबाजूंनी साधारण एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी थर हवा. ०.३३५ चा शाफ्ट ०.३५० च्या हॉझेलमध्ये नुसता बसवला तर शाफ्ट कलतो आणि इपॉक्सीला पोकळी भरायचं काम करावं लागतं. तिथे पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची नळी, घाला. थोडीच सैल बसत असेल तर इपॉक्सीत बारीक काचमणी मिसळा, शाफ्ट आपोआप मध्यावर राहतो.

जोडताना

पावसाळ्यात घासलेलं स्टीलचं टोक एका रात्रीत गंजायला लागतं, म्हणून घासणं, पुसणं आणि चिकटवणं एकाच बैठकीत उरका. हिवाळ्यात रेझिन इतकं जाड होतं की ढवळताना हवा अडकते. बंद ट्यूब दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवली तर ते पातळ होतं आणि नीट मिसळतं.

दोन्ही बाजूंना इपॉक्सी लावा, शाफ्टला आणि हॉझेलच्या आतही. शाफ्ट फिरवत आत घाला, अर्धवट बाहेर काढा, परत फिरवत घाला. शाफ्टच्या टोकात टिप वेट असेल तर हे जास्तच गरजेचं आहे, कारण मग अडकलेल्या हवेला शाफ्टमधून वर जायला वाट नसते. ती हवा दट्ट्यासारखी शाफ्टला बाहेर ढकलते. लवकर व्हावं म्हणून असा ताजा क्लब उन्हात ठेवला तर हवा फुगते आणि हेड काही मिलिमीटर खाली सरकलेलं मिळतं. म्हणून पहिली रात्र सावलीत, खोलीच्या आत, हेड जमिनीला टेकवून उभा.

दुसऱ्या दिवशी, थेंब कडक झाल्यावर, ऊब द्यायची. आमची पद्धत साधी आहे. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा रिकामा डबा घ्यायचा, कडा घासून बोथट करायच्या, झाकणाला शाफ्टपुरतं भोक, आत एका कोपऱ्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब आणि हेडजवळ थर्मामीटरची तार. बल्ब हेडला किंवा कशालाही टेकता कामा नये, वायरचं इन्सुलेशन धड हवं, आणि डबा चालू ठेवून घराबाहेर जायचं नाही. झाकण कमीजास्त सरकवून ४५ ते ५० अंश राखायचे, चार ते सहा तास. ग्राफाइटला किंवा हेडच्या रंगाला एवढ्या उष्णतेने काही होत नाही. जानेवारीत जोडलेला क्लब एप्रिलपर्यंत टिकवायचा असेल तर हा टप्पा गाळू नका. बाकी सगळं नीट करून एवढंच राहिलं तरी उन्हाळ्यात प्रश्न परत येतो. एप्रिल-मेमध्ये जोडलेल्या क्लबला हा डबा लागतही नाही, घरातली हवाच पुरते.

आणि बॅग डिक्कीत ठेवू नका. ऊब देऊन घट्ट केलेलं साधं इपॉक्सीही गंगापूर रोडवर दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीतल्या उष्णतेशी रोज झुंजलं तर थकतं. क्लबसाठी बनवलेलं, उष्णता जास्त सोसणारं इपॉक्सी मिळालं तर ते घ्या.

जोडल्यावर परत वजन करा. शिम, टिप वेट आणि बाहेर न पुसलेलं इपॉक्सी मिळून दोन ग्रॅम वाढले तरी स्विंगवेट साधारण एका अंकाने सरकतो, D२ चा D३ होतो, आणि जुन्या नोंदींशी तुलना बिघडते. बॉलचंही तसंच. जोड पक्का आहे की नाही हे तपासताना एकाच बनावटीचे, एकाच डब्यातले बॉल घ्या. नियमाने बॉल ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नसावा, त्यामुळे लिटरभर पाण्यात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळवलं की तो तरंगायला लागतो. वर आलेल्या जागी ठिपका द्या, फिरवून सोडा. दर वेळी तोच ठिपका वर येत असेल तर त्या बॉलचा तोल बिघडलेला आहे. तो तुलनेत वापरू नका.

जुना जोड सोडवताना हीट गन हॉझेलवर धरा, शाफ्टवर नाही. स्टीलचा शाफ्ट गरम असताना पिळून काढता येतो. ग्राफाइटचा पिळायचा नाही, सरळ ओढायचा, नाहीतर टोकाचे तंतू उलगडतात आणि नवा शाफ्ट वाया जातो. धूर निघायला लागला म्हणजे उष्णता जास्त झाली.

इतकं सगळं करूनही त्याच हेडचा जोड परत सुटला तर मग हॉझेलवर संशय घ्या. कोणी आधी हातातल्या ड्रिलने भोक मोठं केलं असेल तर ते तोंडाशी रुंद आणि आत अरुंद झालेलं असतं, आणि शाफ्ट फक्त तळाशी टेकतो. अंबडमधल्या कुठल्याही टूलरूममध्ये पिन गेज असतात. तोंडाशी आणि तळाशी वेगवेगळी पिन बसली की कळलं. असं हेड वाचवायचं तर टर्नरकडून मापाची पातळ पितळी बुश करून घ्या. भोक सरळ निघालं तर भेग शोधा. डाय पेनिट्रंट टेस्ट तिथे रोजची आहे: हॉझेलवर लाल रंग मारतात, पुसतात, वर पांढरा डेव्हलपर फवारतात. भेगेत मुरलेला रंग पांढऱ्या थरावर लाल रेघ होऊन वर येतो. अशी रेघ दिसलेलं हेड परत जोडू नका, कितीही आवडतं असलं तरी.